म्युझिकब्रेन्झ पिकार्ड : दुबार आणि हरवलेल्या गाण्यांचा हिशेब लावणारे सॉफ्टवेअर

संगणकावर स्वतःचा गाण्यांचा संग्रह बाळगणाऱ्या आणि त्यातील गोंधळाने त्रासलेल्या माणसाने सर्वप्रथम म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरून पाहावे, असे माझे ते बरेच महिने वापरल्यानंतरचे मत आहे. ते गाणी ओळखते आणि प्रत्येक फाइलीत गायक, शीर्षक, अल्बम अशी माहिती, म्हणजेच टॅग, लिहिते. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. मात्र शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे, हा निर्णय त्याच्यावर किंवा दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोपवू नये, हे माझे मत त्याहून पक्के आहे.

नागपुरातील अनेक घरांतले संग्रह थराथराने साठत आले आहेत. सर्वांत खाली आकाशवाणी नागपूरवरून कॅसेटवर टेप केलेले आणि पुढे संगणकावर उतरवलेले कार्यक्रम, त्यावर सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या, एकेकीत शंभराहून अधिक गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीड्या, मग नातेवाइकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेले फोल्डर आणि सर्वांत वर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइली. साहजिकच एकच नाट्यपद तीन-चार वेगवेगळ्या दर्जांत आणि वेगवेगळ्या नावांनी सापडते. नागपुरातच लहानाचे मोठे झालेले आणि येथेच गाण्याचे पहिले धडे घेतलेले वसंतराव देशपांडे माझ्या संग्रहात कुठे 'डॉ.', कुठे 'पं.', कुठे नुसते 'वसंतराव', तर कुठे रोमन लिपीतील दोन निरनिराळ्या वर्णलेखनांनी नोंदलेले होते. गाणी वाजवणाऱ्या ॲपच्या दृष्टीने हे सगळे वेगळे गायक ठरतात आणि त्यांपैकी एकाचाही अल्बम पूर्ण दिसत नाही. त्यात जुन्या सीड्यांवरील फाइलींमध्ये १९९६ च्या सुमारास रूढ झालेल्या आयडीथ्री या टॅग लिहिण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचे टॅग असतात. या आवृत्तीत शीर्षकाला, गायकाला आणि अल्बमला प्रत्येकी फक्त ३० अक्षरांची जागा आहे आणि देवनागरीची सोयच नाही. त्यामुळे मराठी गाण्याचा मुखडा रोमन लिपीत लिहिला तरी मध्येच तुटतो, आणि नुसती नावे जुळवून दुबार गाणी शोधणाऱ्या साधनांची येथेच फसगत होते.

पिकार्ड नावांवर अडून राहत नाही, हे त्याचे खरे बळ आहे. 'स्कॅन' हे बटण दाबले की ते गाण्याच्या सुरुवातीच्या सुमारे १२० सेकंदांच्या ध्वनीवरून एक ठसा तयार करते आणि तो ॲकॉस्टआयडी या सेवेतील ठशांशी ताडून पाहते. गाणे स्वतः कोठेही पाठवले जात नाही, फक्त हा ठसा जातो. तेच ध्वनिमुद्रण १२८ केबीपीएसच्या, म्हणजे कमी दर्जाच्या एमपीथ्रीत असो की दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाइलीत, ठसा जवळजवळ सारखाच येत असल्याने दोन्ही फाइली उजव्या बाजूच्या चौकटीत अल्बममधील एकाच गाण्याखाली येऊन बसतात आणि दुबार प्रत लगेच लक्षात येते. ज्या गाण्याची फाइल आपल्याकडे नाही, त्याची ओळ तेथे रिकामी दिसते. प्रत्येक गाण्याला त्याची एकेक फाइल मिळाली, की अल्बमचे चिन्ह सोनेरी होते. कोणते गाणे जास्तीचे आणि कोणते उणे, हे एकाच पडद्यावर इतके स्पष्ट दाखवणारे दुसरे साधन मला अद्याप आढळलेले नाही. शिवाय प्रत्येक गायकाला आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या माहितीच्या ऑनलाइन कोशात ३६ चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. पिकार्ड तो फाइलीच्या टॅगमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे पुढे नावाचे वर्णलेखन बदलले तरी ओळख कायम राहते.

शास्त्रीय संगीतात मात्र 'दुबार' कशाला म्हणायचे, हाच मूळ प्रश्न आहे. एकाच गायकाचा एकाच रागातला, एकाच बंदिशीचा ख्याल दोन मैफलींत गायलेला असेल, तर टॅगमध्ये गायक, राग आणि शीर्षक तंतोतंत सारखे असते, पण गाणे सर्वस्वी वेगळे असते. एका मैफलीत आलापी विस्ताराने झालेली असते, दुसरीत द्रुत बंदिश अधिक रंगलेली असते आणि तबल्यावरही दुसरेच कोणी बसलेले असते. टॅगवरून दुबार ठरवणारे सॉफ्टवेअर त्यांतील एक निःशंकपणे काढून टाकायला सुचवते, आणि घरगुती बैठकीचे ते ध्वनिमुद्रण जगात दुसरीकडे कोठेही नसेल, तर ती हानी कधीही भरून निघत नाही. अशा दोन मैफलींचे ठसे वेगळे येत असल्याने पिकार्ड या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहे. शिवाय ते आपण होऊन कोणतीही फाइल पुसत नाही; त्यातील 'रिमूव्ह' या आज्ञेने फाइल फक्त त्याच्या यादीतून जाते, डिस्कवर ती जागच्या जागी राहते. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

उणीव आहे ती कोशाच्या व्याप्तीची. हिंदी चित्रपटगीते आणि मोठ्या कंपन्यांचे अल्बम बहुतेक वेळा ओळखले जातात, परंतु माझ्याकडील नाट्यसंगीताचा आणि भावगीतांचा बराच भाग अनोळखीच राहिला, आणि रेडिओवरून टेप केलेले कार्यक्रम ओळखले जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. हा कोश स्वयंसेवकांनी उभारलेला असून मोफत खाते उघडून कोणालाही त्यात भर घालता येते. हाती मूळ सीडी आणि तिचे वेष्टन असेल, तर गाण्यांचा क्रम, गायक, संगीतकार आणि प्रकाशनवर्ष त्यावरून नोंदवावे आणि पिकार्डमधूनच ठसेही पाठवावेत. मी काही सीड्यांची अशी नोंद केली आहे. हे काम वेळखाऊ आहे, पण मराठी संग्राहकांनी ते केल्याशिवाय आपले संगीत या कोशात येणार नाही.

हरवलेल्या गाण्यांच्या दुसऱ्या प्रकारात मात्र पिकार्डचा उपयोग होत नाही. फाइल डिस्कवर सुखरूप असते, पण ॲपला तिचा पत्ता सापडत नाही आणि गाण्याशेजारी उद्गारचिन्ह उमटते. विंडोजवर बाहेरची हार्ड डिस्क जोडल्यावर तिला आधीचे ड्राइव्ह अक्षर न मिळता दुसरेच मिळाले, हे याचे एक नेहमीचे कारण आहे. विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन जुने अक्षर परत दिले, की अनेकदा शेकडो गाणी एकदम परत सापडतात. ही दुरुस्ती आधी करावी आणि मगच पिकार्ड उघडावे. पिकार्डमध्ये फाइलींची नावे बदलण्याची आणि त्या दुसऱ्या फोल्डरात हलवण्याची सोय आहे. ती सुरू केली, तर ॲपमधील आणि जुन्या प्लेलिस्टमधील पत्ते आपोआप बदलत नाहीत आणि उद्गारचिन्हे पुन्हा उमटतात. ज्यांच्या प्लेलिस्ट वर्षानुवर्षे जपलेल्या आहेत, त्यांनी ही सोय बंदच ठेवून फक्त टॅग दुरुस्त करावेत.

वेगाची तक्रार आहे, पण तिला कारणही आहे. म्युझिकब्रेन्झची सेवा साधारणपणे सेकंदाला एकच विनंती स्वीकारते, म्हणून संपूर्ण संग्रह एकदम टाकला, तर काम रेंगाळते. एका वेळी एका गायकाचे फोल्डर घ्यावे. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हार्ड डिस्क दुपारभर सतत चालती ठेवणेही बरे नाही. हे काम मी रात्रीच करतो. 'सेव्ह' केलेले टॅग पूर्ववत करण्याची सोय पिकार्डमध्ये नाही, तेव्हा संग्रहाची एक संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर असल्याखेरीज ते बटण दाबू नये.

ओळख पटवून झाल्यावर उरलेल्या अनोळखी फाइलींसाठी मी डुपगुरू हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर वापरतो, तेही फाइलींचा आशय तपासण्याच्या पर्यायावर ठेवून. या पर्यायात शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या असलेल्या फाइलीच दुबार ठरतात. त्यात एखादे फोल्डर 'रेफरन्स' म्हणून ठरवता येते आणि त्या फोल्डरातील फाइलींना पुसण्याची खूण करताच येत नाही. आकाशवाणीवरून टेप केलेल्या कार्यक्रमांचे फोल्डर मी तसेच ठरवून ठेवले आहे.