खापरावरचे मांडे, शहापूर: लेकीच्या शिदोरीसाठी घेतलेले

बेळगावात कपिलेश्वराचा पूल उतरून शहापुरात शिरलं की एका बोळात हे घर आहे. दाराला पाटी नाही, पण ‘मांडे करणाऱ्या मावशी’ म्हटलं की पोरंसुद्धा उंबऱ्यापर्यंत आणून सोडतात. धाकट्या लेकीच्या लग्नात शिदोरीला द्यायला मी यांच्याकडून एक्कावन्न मांडे घेतले. नगाला साठ रुपये. आठ दिवस आधी सांगावं लागतं आणि निम्मे पैसे आगाऊ.

थोरलीच्या वेळी मी बाजारातल्या एका दुकानातून आणले होते. गॅसवर, लोखंडी कढईच्या पाठीवर भाजलेले. कडेला करपलेले, घडीत कच्चे, आणि वनस्पती तुपाचा थर टाळूला चिकटत होता. विहीणबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून या खेपेला आधी जाऊन डोळ्यांनी बघून आले.

मागच्या पडवीत चूल आणि तिच्यावर पालथं घातलेलं मातीचं मोठं खापर. मैदा आणि बारीक रव्याची कणीक तेलाच्या हातानं इतकी तिंबलेली की ओढली तरी तुटत नाही. पोटात पिठीसाखर, खसखस, वेलची आणि घरचं तूप. लाटण्यापर्यंत आपल्यालाही जमेल. खरं काम त्यानंतरचं. मावशी ती पोळी पालथ्या हातांवर घेतात आणि या हातावरून त्या हातावर फिरवत राहतात. प्रत्येक फेरीला ती आपल्याच वजनानं वाढते. मनगटापर्यंत होती ती बघता बघता कोपरापर्यंत आली, आणि शेवटी तिच्याआडून मला चुलीचा जाळ दिसला. मग एका झटक्यात खापरावर. खापराचं पोट फुगीर, त्यामुळे कडा आपसूक खाली ओघळतात, एक सुरकुती पडत नाही. माती सावकाश तापते आणि ऊब धरून ठेवते, म्हणून साखर तुपात मुरते पण जळत नाही. काढल्या काढल्या, गरम असतानाच चौकोनी घडी. गार झाला की मोडलाच म्हणायचा. मी बोट पुढं केलं तर लगेच, “अक्का, हात लावू नका, भाजंल.”

खापराबद्दल विचारलं तर त्यांची कळी खुलली. “खानापूरची माती हाय ही. तीन आणून ठेवलीत, एक तडकलं की दुसरं. नवं खापर दोन दिवस नुसतंच तापवायचं, मग त्याच्यावर मांडा टाकायचा.”

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे ११३० सालच्या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ येतो, तोही तापल्या खापरावर भाजलेला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ सालची, म्हणजे हा मांडा तिच्याहूनही जुना. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट तर घरोघरी सांगतात. त्या गोष्टीतही पीठ होतं, साखर होती, अडलं ते खापराशी. हिला खापर देऊ नका असं विसोबानं कुंभारांना बजावलं होतं. मावशींच्या चुलीपुढं बसल्यावर मला ती अडचण पहिल्यांदा नीट कळली.

आता तक्रार. मांडे वर्तमानपत्रात बांधून देतात, ते मला अजिबात पटलं नाही. शाईचा वास लागतो, आणि रिक्षातून घरी येईपर्यंत चार मोडले. मावशींना तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी तेवढे चार जादा देते म्हणाल्या. तुम्ही जाल तेव्हा रुंद तोंडाचा स्टीलचा डबा आणि स्वच्छ पंचा घरून न्या. दोन मांड्यांत साखर एका कोपऱ्यात जमली होती, तेही सांगायला हवं.

बाकीचे मात्र असे की ताटात ठेवताना कडा कुरकुरत होत्या आणि वरून कढत दूध घातलं की लगेच विरघळल्यासारखे मऊ. आम्ही घरी ठेवलेले दोन नवव्या दिवशी खाल्ले, तुपाला जरासुद्धा खवट वास नव्हता. पावसाळ्यात मांडे सादळतात म्हणून मावशी तेव्हा चूल पेटवत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की रोज आठ-दहा घरं येतात, त्यामुळे मुहूर्त ठरला त्याच दिवशी जाऊन सांगून या.