ब्लू हीथचं कुंडीतलं रोप: नऊ सेंटिमीटरचा हट्टी पाहुणा

ब्रिटनच्या अल्पाइन (उंच डोंगरावरच्या वनस्पतींच्या) रोपवाटिकांत फायलोडोसी सेरुलिया, म्हणजेच ब्लू हीथ हे बुटकं झुडूप, ९ सेंमी कुंडीत मिळतं. नावात निळा, फुलं मात्र जांभळट गुलाबी!

आधी लेबल बघा. स्कॉटलंडमध्ये ही वनस्पती सो ऑफ अथॉल आणि बेन ऑल्डर परिसरातल्या मोजक्याच उतारांवर उरली आहे. ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत, ती ‘असुरक्षित’ गटात आहे आणि १९८१च्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीतही. म्हणून रोप कलमापासून वाढवलेलं आहे का, हे विचारून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर पाठ फिरवा. रोपं उपटून नेणाऱ्या हौशी संग्राहकांनी पूर्वी बरंच नुकसान केलं आहे.

रोप घरी येऊन मरतं ते बहुधा पाण्यामुळे. नळाच्या जड पाण्यातल्या चुन्याने पानं पिवळी पडतात. पावसाचंच पाणी घाला. माती आम्लधर्मी हवी, निचरा चांगला हवा, पण मुळं कोरडी पडता कामा नयेत. डोंगरावर उशिरापर्यंत टिकणारा बर्फ कोंबांना वसंतातल्या कडाक्यापासून जपतो. कुंडीत ते पांघरूण नसतं, म्हणून एप्रिलमध्ये रात्री झाकावं लागतं. जागा उत्तरेची, थंड.

पुणे-मुंबईत मागवू नका. उन्हाळा काढणार नाही.

रोपाला पाचपैकी चार, नवशिक्यासाठी दोन.