ऐरोलीच्या चिखलात ‘न गळणारा’ सील: नऊ महिन्यांचा अनुभव

आधी हिशेब. होडीच्या पंख्याच्या दांड्यापाशी पाणी अडवायला लावलेला सील साडेअठरा हजार, बसवणावळ तीन हजार. सील गेल्यावर स्टार्टरमध्ये खारं पाणी शिरलं, त्याचे अडतीसशे. आणि परत जुनी ग्लँड बसवली त्याचे सगळे मिळून सहा हजारांच्या आत. आता गोष्ट.

मी रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पंप फिटर आहे, एकवीस वर्षं झाली. होडी दादाची, नवी मुंबईत ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याला उभी असते. लाकडी, वरून फायबर चढवलेली, सव्वीस फुटी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३२ मिमीचा एसएस शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा स्टेनलेस स्टीलचा दांडा. हा शाफ्ट बुडातल्या नळीतून पंख्याकडे बाहेर पडतो तिथे आतल्या अंगाला ग्लँड असते. म्हणजे एक पितळी डबी, तिच्यात दोरीची चार कडी, वरून मोठा नट. नट आवळला की दोरी दबते आणि शाफ्टला घट्ट बसते. पंपालाही हेच. फक्त आमच्या कंपनीत एकेक करत सगळ्या ग्लँड काढून मेकॅनिकल सील लावले. फरशी कोरडी झाली, साहेब खूश. त्यामुळे दादा ग्लँडमधून झिरपलेलं रोज दोन डबे पाणी उपसताना दिसला की माझे हात शिवशिवायचे. तो म्हणायचा, राहू दे. मी ऐकलं नाही.

ऑनलाइन मागवलेला सील परदेशी, रबरी, आत दोन ओठ (शाफ्टला चिकटून बसणाऱ्या रबरी कडा) आणि मध्ये ग्रीस. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष निम्मा माझा आहे. माल चांगला होता हे कबूल करतो. शाफ्टच्या कडेने ओठ कापला जाऊ नये म्हणून चढवताना वापरायची प्लास्टिकची नळीसुद्धा बॉक्समध्ये दिलेली होती, पत्रक नीट छापलेलं. पहिले पाच-सहा महिने इंजिनखालची जागा अशी कोरडी की जवळा वाळत घालावा. दादाही वरमला. मी तर जेट्टीवर चारचौघांना बोलावून दाखवलं.

मग माघातल्या उधाणाला पहाटे पावणेपाचला दादाचा फोन. ‘फ्लायव्हीलला पानी लागलंय, ये.’ फ्लायव्हील म्हणजे इंजिनचं जड चाक.

गेलो तेव्हा होडी तरंगत होती, पण शेपटाकडून बसलेली. पाणी उपसलं, ओहोटीला सील काढला. आतला ओठ काळा पडून खापरीसारखा कडक झालेला, आणि दोन ओठांमध्ये करडा चिखल, अगदी पेस्टसारखा मऊ. बोटाने शाफ्ट चाचपला तर नख अडकलं. ओठाने स्टीलमध्ये चर पाडला होता. रबराने स्टील झिजत नाही, रबराला चिकटलेल्या वाळूने झिजतं. हे मी कंपनीत नव्या पोरांना शिकवतो.

पत्रकात एक ओळ आहे: होडी पाण्यात सोडल्यावर सील दोन बोटांनी दाबून आतली हवा काढावी. ती मी वाचली होती. होडी पाण्यात सोडणं म्हणजे पावसाळ्यानंतर एकदा, असा अर्थ मी लावला. पण आमच्या खाडीत होडी रोज दोनदा पाण्यात सुटते! ओहोटीला ती चिखलावर बसते आणि शाफ्टची नळी रिकामी होते. भरती आली की पाणी खालून चढतं, पण शाफ्ट आत येताना वर चढलेला असल्यामुळे हवेचा फुगा नेमका वरच्या टोकाला, सीलपाशी अडकतो. दादा इंजिन सुरू करतो आणि शाफ्ट कोरड्या ओठावर घासत फिरतो. नऊ महिन्यांत पाचशेच्या वर भरत्या झाल्या. दर वेळी कुणी अंधारात इंजिनमागे हात घालून सील दाबायचा? विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याचं म्हणणं, ‘सर, ये फ्लोटिंग बोट के लिए है.’ हे विकताना विचारायला हवं होतं असं माझं मत. पण मी तरी कुठे सांगितलं.

दादाने मिस्त्रीकाकांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, कानावर बिडी. त्यांनी सीलकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ मागे चिखलात उतरले आणि पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. खडखड आवाज. मागचं रबरी बेअरिंग, ज्याला कटलेस म्हणतात, ते खलास झालं होतं. त्याला वंगण खाडीच्या पाण्याचं, आणि आमच्या पाण्यात चिखल किती ते फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांनाही ठाऊक आहे. शाफ्टच नाचत असेल तर दोरी काय, सील काय, काहीच टिकत नाही. फिटर असून मी बेअरिंग न तपासता साडेअठरा हजारांचा सील लावला. काका एवढंच म्हणाले, ‘तुज्या कंपनीन पंप दिसाला दोन टायम चिखलान बसतंय का?’

दोरी आणायला मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो. पॅकिंग, सील, बेअरिंगवाल्यांनी ती गल्ली भरलेली आहे. कंपनीच्या सवयीने ग्रॅफाइटची दोरी मागितली. काउंटरवरच्या माणसाने आधी विचारलं, कुठे लावणार? खारं पाणी आणि एसएस शाफ्ट म्हटल्यावर त्याने रीळ परत ठेवलं. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि धातू शेजारी आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि शाफ्टला खड्डे पडतात. त्याने पांढरी टेफ्लॉनची विणलेली दोरी दिली, ६ मिमी. माप बरोबर आहे ना म्हणून परत विचारलं. मी डबीच्या फटीत ६ च्या ड्रिल बिटचा दांडा घालून बघितलं होतं, ते ऐकून खूश झाला. दोन मीटरचे तीनशे रुपये. एका कड्याला बारा सेंटीमीटर लागते, म्हणजे चार वेळा भरून पुरेल. तीनशे रुपयांच्या गिऱ्हाइकाला दुकानदार इतके प्रश्न विचारतो हे हल्ली दुर्मीळ.

काम अमावस्येनंतरच्या दुजेला सुरू केलं, तेव्हा सकाळी ओहोटी चांगली खाली जाते. बेअरिंगसाठी शाफ्ट पूर्ण ओढावा लागला, म्हणून दोन ओहोट्या गेल्या. मधल्या भरतीला काकांनी नळीत लाकडी बूच ठोकलं, चिंध्या गुंडाळून. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी जाऊन पाहिलं, थेंबही आत नव्हता.

जुनी डबी दादाने माळ्यावर जपून ठेवली होती (माझ्यावर किती विश्वास होता ते यावरून कळावं). तिच्यातली जुनी दोरी कोळशासारखी झाली होती. छत्रीची तार वाकवून काकांनी एकेक कडं उकरलं. चार निघाली तरी उकरतच राहिले आणि तळातून पाचवं, जळून चपटं झालेलं निघालं. कधीतरी कुणीतरी त्याच्यावरच नवी भरली होती. नवी दोरी त्यांनी शाफ्टवरच गुंडाळून तिरकी कापली. प्रत्येक कडं वेगळं, आणि प्रत्येकाचा जोड आधीच्यापासून फिरवून, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. डबीला शाफ्टच्या नळीशी जोडणारा रबरी होज इंचभर लांब घेतला, त्यामुळे दोरी सीलच्या चरावर न बसता चांगल्या स्टीलवर बसली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

होजच्या क्लिपा मी आणलेल्या. काकांनी खिशातून लोहचुंबक काढून लावलं. पट्टी चिकटली नाही, स्क्रू टचकन चिकटला. ‘पट्टी स्टील, स्क्रू लोखंड. गंजून तुटला का होडी खाली.’ दोन्ही टोकांना दोन-दोन, अशा चार क्लिपा परत आणायला मला ऐरोली सेक्टरपर्यंत पिटाळलं.

एका गोष्टीवरून वाद झाला. कपलिंगच्या, म्हणजे इंजिन आणि शाफ्टच्या जोडाच्या, दोन तोंडांत मी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर खालच्या बाजूला ०.३ मिमी फट, वर काहीच नाही. मी म्हटलं, इंजिन उचलू. काका म्हणाले, होडी तरंगू दे, मग बघ. भरती आल्यावर परत घातला: ०.१ च्या आत. चिखलावर बसलेली होडी वेगळी वाकते, तरंगणारी वेगळी. पंपाचा पाया काँक्रीटचा असतो, त्यामुळे ही गोष्ट मला एकवीस वर्षांत कधी लागली नाही.

मग अर्धा तास इंजिन चालवून ग्लँडवर हात ठेवला. हात ठेवता येतो इतकीच गरम. चटका बसला तर नट सैल करायचा, धार लागली तर नट त्याच्या एका पैलूइतकाच फिरवून आवळायचा, जास्त नाही. आता इंजिन चालताना मिनिटाला तीन थेंब पडतात, बंद केल्यावर जवळजवळ थांबतात. तोच थेंब दोरी थंड ठेवतो. मी हिशेब केला: दहा तास चालवलं तर एक कटिंग चहा भरेल एवढं पाणी. पहिल्या महिन्यात दोनदा नट आवळावा लागला, नंतर नाही. दादाला डबे उपसावे लागत नाहीत, आणि ग्लँड बिघडायला लागली तर थेंब वाढलेले त्याला आधी दिसतील. सीलने मला पहाटे पावणेपाचपर्यंत काही कळवलं नव्हतं.

ज्यांची होडी खोल पाण्यात कायम तरंगते त्यांनी सील जरूर घ्यावा, मी वाईट म्हणणार नाही. दिवा, वाशी, दिवाळे इथे चिखलावर बसणाऱ्या होडीला घेऊ नका. सीलला पाचपैकी दोन, नागदेवीच्या दुकानाला पाच. काकांना चार. एक कापला कारण बिल देत नाहीत, सहाची वेळ सांगून साडेसातला आले, आणि ओहोटी काय आपल्यासाठी थांबते?

त्यांचा नंबर मागू नका, फोन ते उचलतच नाहीत. अमावस्या-पुनवेच्या पुढे-मागे, सकाळी ओहोटीला, जेट्टीच्या उजव्या हाताला चिखलात कुणाची तरी होडी खालून ठोकत असतात.