साताऱ्याहून दर मंगळवारी: सायकोडायनॅमिक समुपदेशन, १४ महिने, ५२ सत्रं

मी ज्युनिअर कॉलेजला २२ वर्षं मानसशास्त्र शिकवते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा धडा आला की फळ्यावर हिमनग काढायचा. पाण्याच्या वर जाणीव, खाली नेणीव, बाजूला मनाच्या तीन भागांचे, इदम्, अहम्, पराहम् असे तीन बाण. आमच्या वर्गात हिमनग कुणी पाहिलेला नसतो, पण मार्क सगळ्यांना मिळतात. मग अ‍ॅडलर, युंग, हॉर्नी, एरिक्सन अशी त्याच्यानंतरच्या मानसशास्त्रज्ञांची वरात निघते आणि दिवाळीच्या सुट्टीआधी संपते. सायकोडायनॅमिक समुपदेशन याच परंपरेतलं: आजच्या त्रासामागचं जुनं, नेणिवेतलं काही बोलत बोलत शोधायचं. म्हणजे ज्या सेवेबद्दल लिहिते आहे, तिची सगळी नावं मला आधीपासून पाठ होती. मला वाटलं होतं, याचा फायदा होईल. झाला उलट त्रासच, पण ते पुढे.

जायचं कारण अगदी किरकोळ होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी रडले नाही. दवाखान्याचं बिल, तेराव्याचा स्वयंपाक, आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद, सगळं मीच उरकलं. सात महिन्यांनी एका दुपारी स्टाफरूममध्ये आमचे शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, तुमचा चहा झाकून ठेवलाय." आणि मी अर्धा तास रडत बसले. झाकलेल्या चहावरून. मराठीच्या बाईंनी दार लावून घेतलं म्हणून बरं.

पुण्याच्या या सेवेकडे जाण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी विवेकनिष्ठ पद्धतीने काम चालायचं. मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ही पद्धत मराठी वाचकांना चांगली ओळखीची आहे. तिथली आठ सत्रं मला उपयोगी पडली, हे स्वच्छ सांगते. गुणपत्रकं वेळेत देण्याची धास्ती निम्म्यावर आली. पण "चहावरून का रडले" हा प्रश्न तिथे नीट मांडताच येईना. त्या पद्धतीचा भर आजच्या विचारातली चूक पकडण्यावर, आणि माझ्याकडे त्या वेळी विचारच नव्हता, नुसतं रडू होतं. (एलिस स्वतः आधी मनोविश्लेषण शिकून, करून, कंटाळून बाहेर पडलेला माणूस. हे मी वर्गात रंगवून सांगते.)

दुसऱ्या ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथे भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता होता, आणि विसाव्या मिनिटाला मला सांगण्यात आलं की तुमचा इलेक्ट्रा गंड, म्हणजे मुलीची वडिलांकडे ओढ आणि आईशी चढाओढ, सुटलेला नाही. मला हसूच आलं. इलेक्ट्रा हा शब्द युंगचा, आणि फ्रॉइडला तो मान्य नव्हता. पण खरी अडचण ही की वीस मिनिटांत कुणाचाही कुठलाच गंड समजत नसतो. सायकोडायनॅमिकच्या नावाखाली असं तयार लेबल मिळालं, तर फी देऊन शांतपणे निघा. मी निघाले.

आता मूळ सेवेकडे. पुण्यात एरंडवण्यातल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. समुपदेशन करणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान असतील. त्यांचंही नाव लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थी हे वाचतात आणि उद्या तिथे रांग लावतील. ५० मिनिटांचे १,८०० रुपये. दर मंगळवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. माझं कॉलेज सकाळचं, म्हणून साडेबाराची एसटी धरायची. महिलांना निम्मं तिकीट झाल्यापासून प्रवासाचं काही वाटत नाही. वाटतं ते नवले पुलाजवळच्या कोंडीचं.

आडवं होऊन बोलायचा कोच नाही. हे आधीच सांगते, कारण मला तोच प्रश्न सगळ्यांनी विचारला. समोरासमोर जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, आणि दोघींना दिसेल असं घड्याळ. फ्रॉइडचा तो गालिचा घातलेला कोच आता लंडनमध्ये त्याच्या शेवटच्या घरात, २० मेअर्सफील्ड गार्डन्सला ठेवलेला आहे. तो कोच का वापरायचा, याचं एक कारण त्याने १९१३ च्या लेखात सरळ देऊन टाकलंय: दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघितलेलं मला सोसत नाही. शिक्षकांना हे पटकन पटेल.

त्याच लेखात तो रुग्णांना सांगतो की रेल्वेच्या डब्यात खिडकीशी बसल्यासारखं करा, बाहेर जे जे सरकतंय ते आतल्या माणसाला सांगत राहा. मॅडमनी यातलं काही सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "जे मनात येईल ते बोला, क्षुल्लक वाटलं तरी." मी तीन आठवडे खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत काय काय बोलायचं याची वहीत टिपणं काढत होते. म्हणजे खिडकीत बसून मी प्रवासवर्णन आधीच लिहून नेत होते.

चौथ्या सत्राला मी अर्धा किलो कंदी पेढे नेले. साताऱ्याहून पुण्याला कुणाकडे जायचं आणि पेढे न्यायचे नाहीत, हे आमच्यात होत नाही. मॅडमनी खोका घेतला नाही, नाकारलाही नाही. टेबलावर राहू दिला आणि विचारलं, "आज पेढे आणले नसते तर इथे काय झालं असतं, असं वाटलं?"

मी म्हटलं, "काही नाही, रीत आहे." मग आणखी काहीतरी म्हटलं. मग लक्षात आलं की मी गेली दहा मिनिटं पेढ्यांचं समर्थन करते आहे.

त्या एका खोक्यावर आमची किमान पाच सत्रं गेली असतील. मध्ये त्यांनी एकदा विचारलं, तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती. (अ‍ॅडलरची ही ठरलेली रीत. व्यक्तिमत्त्वाचा नकाशा पहिल्या आठवणीत सापडतो, असं त्याचं म्हणणं. न्यूनगंड हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्दही त्याच्याच विचारातून आलेला, हे फार कुणाला माहीत नसतं.) माझी आठवण अशी: रात्र आहे, अक्काला दम्याचा झटका आलाय, अण्णा सायकल काढून डॉक्टरांना आणायला निघालेत, आई अक्काची पाठ चोळते आहे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बॅटरी धरून उभी आहे. जाता जाता अण्णा म्हणतात, "शहाणी गं माझी बाय, काही त्रास नाही हिचा." मी चार वर्षांची असेन.

ही गोष्ट मी हजार वेळा कौतुकाने सांगितली आहे. त्या दिवशी सांगताना उजवा हात दुखायला लागला. बॅटरी धरल्यासारखा.

कुणी काही समजावून सांगितलं नाही. "तुम्ही घरात जागा मिळवण्यासाठी उपयोगी पडत आलात, म्हणून फुकटचा चहा सोसवला नाही," असं एक वाक्य मॅडमना सहज टाकता आलं असतं. मला तर ते पाच मार्कांचं उत्तर म्हणून लिहिता आलं असतं. त्यांनी टाकलं नाही. ते वाक्य माझं मलाच सापडलं, तेही बऱ्याच आठवड्यांनी, स्वारगेटला फलाटावर उभी असताना. पुस्तकात ट्रान्सफरन्सची व्याख्या दोन ओळींत उरकते: जुन्या माणसांबद्दलच्या भावना नव्या माणसावर चढवणं. ते कुठे दिसतं, हे पुस्तक सांगत नाही. ते पेढ्यांच्या खोक्यात दिसतं. पुढे डोरा या नावाने प्रसिद्ध झालेली अठरा वर्षांची मुलगी १९०० साली फ्रॉइडकडे जेमतेम ११ आठवडे टिकली. ती गेल्यावर त्याने लिहून ठेवलं, की तिचा ट्रान्सफरन्स आपण वेळेत ओळखला नाही. मी हे प्रकरण वर्गात फ्रॉइडची फजिती म्हणून सांगायचे. आता जरा हळू आवाजात सांगते.

आता तो पाठांतराचा त्रास. पहिले चार महिने मी प्रत्येक वाक्याला नाव देत होते. "हे प्रक्षेपण झालं ना?" (आपली भावना दुसऱ्यावर ढकलणं.) "ही प्रतिक्रिया-निर्मिती वाटते." (आतल्या भावनेच्या अगदी उलट वागणं.) एकदा मॅडम म्हणाल्या, "आत्ता परीक्षा कोण देतंय आणि पेपर कोण तपासतंय?" मी गप्प. भावनेच्या जागी तिचं शास्त्र आणून ठेवणं, म्हणजे बौद्धिकीकरण, ही स्वतःच एक संरक्षण यंत्रणा आहे, म्हणजे दुखणाऱ्या भावनेपासून वाचायची मनाची युक्ती. अ‍ॅना फ्रॉइडने, म्हणजे फ्रॉइडच्या मुलीने, १९३६ मध्ये या यंत्रणांची नीट मांडणी केली, तेव्हा ही वयात येणाऱ्या मुलामुलींची खास युक्ती म्हणून नोंदवली. मी ५१ वर्षांची.

शब्दांचंच निघालं म्हणून सांगते. फ्रॉइडने जर्मनमध्ये लिहिताना साधे, घरातले शब्द वापरले होते: अहम् म्हणजे 'मी', इदम् म्हणजे 'ते', आणि पराहम् म्हणजे 'वरचा मी'. इंग्रजी भाषांतरात त्यांची लॅटिन झाली आणि मराठीत आणताना आपण संस्कृत केली. "माझा पराहम् कठोर आहे" म्हणताना काही होत नाही. "माझ्या डोक्यावर एक मी बसलेली आहे आणि ती मला खाली बसू देत नाही" म्हटलं की होतं. करेन हॉर्नीने या 'पाहिजे'च्या जुलमाबद्दल लिहिलंय. मी एका सत्रात 'पाहिजे' किती वेळा म्हणते ते मोजायचं ठरवलं होतं. एकोणिसाव्याला मोजणं सोडलं, कारण "नीट मोजलं पाहिजे" असं मनात आलं.

सेवेतली सगळ्यात वाईट गोष्ट आणि सगळ्यात चांगली गोष्ट एकाच घटनेत घडली. मे महिन्यात मॅडम तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. दीड महिना आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, "हो हो, जा की, आराम करा," अगदी मोठ्या बहिणीसारखं. सुट्टीनंतरचं पहिलं सत्र मी विसरले. चक्क विसरले, मंगळवारी दुपारी घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. त्या सत्राचे १,८०० लागले. पुढच्या वेळी मी नोटा टेबलावर जरा आपटूनच ठेवल्या. नियम पहिल्या दिवशीच सांगितलेला होता, आणि त्याचं मूळही मला ठाऊक होतं: फ्रॉइड रुग्णाला ठरलेला तास भाड्याने दिल्यासारखा द्यायचा, आला नाहीत तरी भाडं तुमचं. ठाऊक असून संताप आला. "तुम्ही तीन आठवडे गेलात त्याचे पैसे मला कोण देणार?" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि ते ऐकून मीच घाबरले.

मॅडम घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, नियमही बदलला नाही. म्हणाल्या, "बरं झालं बोललात." पुढच्या मंगळवारी खोली तिथेच, खुर्ची तिथेच, मॅडमही तिथेच. कुणावर तरी ओरडले आणि नातं तुटलं नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदा झालं. अण्णांवर मी कधी ओरडले नव्हते. त्या महिन्यात त्यांच्यासाठी रडले, चांगली भरपूर.

हे सगळं युरोपातलं, आपल्याला लागू पडतं का, हा प्रश्न स्टाफरूममध्ये मला विचारला जातो. तो नवा नाही. भारतातले सुरुवातीचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, आणि फ्रॉइड सांगतो त्यातल्या काही गोष्टी आपल्या रुग्णांत तितक्या ठळक दिसत नाहीत, असं थेट त्यालाच कळवलं. वर त्याच्या ७५ व्या वाढदिवसाला हस्तिदंती विष्णूही पाठवला. मतभेद आणि भेटवस्तू एकत्र. मला हे फार जवळचं वाटतं. मॅडमनी इडिपसचं, म्हणजे मुलाच्या आईविषयीच्या ओढीच्या फ्रॉइडच्या त्या प्रसिद्ध गंडाचं, नाव एकदाही काढलं नाही. अक्का, आई, सासू, जाऊ, शिपाईमामा, सगळ्यांना खोलीत जागा होती.

तक्रारी. पहिले तीन महिने काहीच होत नाही असं वाटतं, आणि कुणी धीर देत नाही. शांतता फार. एकदा साडेसहा मिनिटं दोघीही गप्प होतो. घड्याळ समोरच होतं, म्हणून माहीत. मिनिटाचा हिशेब मनात चालू राहतो, मध्यमवर्गीय माणसाला हे अवघड जातं. स्वच्छतागृह अंगणातून वळसा घालून. खर्च: ५२ सत्रांचे ९३,६०० रुपये, त्यातली दोन सत्रं मी न जाताच भरलेली. माझा पगार आहे म्हणून झेपलं. आमच्या विनाअनुदानित तुकडीवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीला मी हे सुचवू शकत नाही, आणि हा या सेवेचा मोठा दोष आहे.

झोप उडालीये, ऑफिसात पॅनिक होतंय, परीक्षा महिन्यावर आहे, असं असेल तर आधी दुसरीकडे जा. जीव नकोसा झाला असेल तर तो मंगळवारपर्यंत थांबायचा विषय नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि कुठेही गेलात तरी शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, ती मागायला लाजू नका. मी मागितली होती. मॅडमनी काढून दाखवली, आणि मग विचारलं, "मागताना कसं वाटलं?" त्यांचं असंच असतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो स्वच्छतागृहाचा की पैशांचा, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

आता पंधरा दिवसांतून एकदा जाते. परवा एसटी स्टँडसमोर पाव किलो कंदी पेढे घेतले. खिडकीची जागा मिळाली. शिरवळ येईपर्यंत त्यातले सहा मी एकटीनेच खाल्ले.