रात्रीची आंघोळ, काशाची वाटी की उद्याची यादी?

झोप लागत नाही म्हणणाऱ्याला मी आधी एवढंच विचारते: पाठ टेकल्यावर अंग तळमळतं की डोकं? कारण तिथूनच वाटा फुटतात.

अंग आंबलं असेल, तर गरम पाण्याची आंघोळ. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ४० ते ४२.५ अंशांचं पाणी, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, दहा मिनिटं पुरतात. झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. गरम पाण्याने रक्त हातापायांच्या त्वचेकडे येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून थंड होऊ लागतं. झोपेला हाच उतार लागतो. म्हणून आंघोळ करून लगेच अंथरुणात शिरू नका.

काशाच्या वाटीला वेळ लागतो, पण माझा जीव तिच्यातच आहे. खाली जुनं फडकं, पायाच्या तळव्याला अर्धा चमचा तूप, आणि वाटी गोल गोल फिरवायची. दहा मिनिटांत तळवा काळपट होतो. ‘बघ, किती उष्णता ओढली!’ असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात, पण तो काळेपणा काशातल्या धातूचा. उष्णतेचं माप नव्हे. तरी पाय हलके होतात हे खरं, आणि स्वतःच चोळत असाल तर तुपाच्या हाताने मोबाइल धरता येत नाही, हा फायदा मोठाच. नंतर तळवे नीट पुसा, फरशीवर पाय सटकतो.

डोकंच थांबत नसेल तर या दोन्हींपेक्षा मी वही हातात देईन. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ च्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. पुढची कामं लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा, पण खर्च शून्य. ‘बँकेचं काम’ असं मोघम नको. ‘अकराच्या आत बाबांच्या पासबुकाची एंट्री’ असं लिहा.

जायफळाचं दूध? आवडत असेल तर चिमूटभर. झोप येईना म्हणून जायफळ वाढवत मात्र जाऊ नका, जास्त झालं की ते विषारी ठरतं.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पाण्याचा अंदाज हाताच्या कोपराने घ्या, पायाला चटका कळत नाही. आणि घोरताना श्वास अडकत असेल, तर यातलं काहीही निवडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.