संस्थेचे पाळणाघर की घरगुती सांभाळ?

आई-वडील दोघेही कामावर जातात आणि उत्पन्न तुटपुंजे आहे, अशा कुटुंबासमोर मूल ठेवण्यासाठी बहुधा दोनच मार्ग असतात: अनुदानावर चालणारे संस्थेचे पाळणाघर किंवा स्वतःच्या घरी चार-पाच मुले सांभाळणारी एखादी बाई. शुल्कापुरते पाहिले तर अनुदानित पाळणाघर स्वस्त पडते. मात्र त्याचे दार ठरलेल्या वेळी बंद होते, आणि जिची शिफ्ट रात्री 9 वाजता संपते त्या आईला उरलेल्या तासांसाठी दुसरीकडे पुन्हा पैसे मोजावे लागतात, हा हिशेब शुल्कपत्रकात कुठेच दिसत नाही. घरगुती सांभाळात वेळेची ओढाताण कमी असते, पण सांभाळणारी आजारी पडली की आईचा खाडा ठरलेला.

शिक्षणाच्या बाबतीत वय निर्णायक आहे. दीड वर्षाच्या मुलाला तक्ते नकोत. त्याने बोट दाखवून ‘ऊं’ म्हटल्यावर ‘हो, कावळा आहे तो’ असे उत्तर देणारे माणूस हवे. 12 तान्ह्यांमागे एकच सेविका असेल तर हे घडणे अशक्य, मग भिंती कितीही रंगवलेल्या असोत. तीन वर्षांनंतर पारडे फिरते, कारण समवयस्कांबरोबरचा खेळ आणि प्रशिक्षित शिक्षिका यांचा लाभ घरगुती सांभाळात क्वचितच मिळतो, त्यातही तिथे दिवसभर टीव्ही चालू असेल तर नाहीच. म्हणून आधी घरगुती सांभाळ आणि तिसऱ्या वर्षानंतर पाळणाघर हा क्रम मला अधिक पटतो. अट एवढीच की त्या घरी मुले मोजकी असावीत आणि भरदुपारी, न कळवता, डोकावण्याची मुभा असावी.