कन्नडमधला परवाना, मराठीतलं पत्रक

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत ठेवी गोळा करणारा ठग पहिल्या भेटीत पैशाचं नावही काढत नाही. देवाला हात जोडतो, 'काकी, च्या राहू दे' म्हणतो आणि चंदगडकडचे पाव्हणे काढत बसतो. ओळख लागली की निम्मं काम झालं. 'आपला मराठी माणूस' एवढ्यावर इथं न वाचता सह्या होतात.

पत्रक दुसऱ्या भेटीत. त्यात लाखाला महिना 'पाच हजाराच्या आसपास' असं नसतं, 4,850 असतं. असा आकडा कुणीतरी हिशेब करून काढल्यासारखा वाटतो, म्हणून आपण करत नाही. करून बघा: वर्षाला 58,200, म्हणजे 58 टक्के. एवढं सुटणारा धंदा असता तर तो कर्ज काढून स्वतःच केला असता. पहिले तीन हप्ते, 14,550 रुपये, तुमच्याच लाखातून तुम्हाला परत येतात. चौथ्या महिन्यात तुम्हीच भावजयीला घेऊन जाता. पुढे त्याला बोलावं लागत नाही, तुमचं पासबुक बोलतं.

खरी करामत वेगळीच. 'सगळे नका ठेवू बगा, निम्मे बँकेत असू देत.' स्वतःच्या तोट्याचं बोलणारा माणूस खोटा कसा असेल? उरलेले निम्मे दिवाळीपर्यंत येतात.

भिंतीवर फ्रेममध्ये कन्नड परवाना टांगलेला असतो. मराठी शाळेत शिकलेल्या मावशीला तो वाचता येत नाही, मग ठगच वाचून दाखवतो: 'सरकारची परवानगी.' फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करा; बऱ्याचदा तो दुकान उघडायचा व्यापार परवाना निघतो. उद्यम नोंदणी, जीएसटी यांनीही ठेवी घ्यायचा हक्क मिळत नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, 29 कर्नाटक, 27 महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर 'पी' असेल, तर ती 'कंपनी' म्हणजे एकटा माणूस.

'विमा हाय' म्हणाला तर कुणाचा ते विचारा. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, पतसंस्थेला नाही. ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर बघता येतं. तक्रारही तिथंच करता येते.

पैसे अडकल्यावर निरोप येतो: 'तक्रार केलात तर खातं सील होईल, कुणालाच काही मिळणार नाही.' हा निरोप पुसू नका, तारखेसकट ठेवा. पोलिसांत जाताना 2019 चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आणि कर्नाटकाचा 2004 चा ठेवीदार संरक्षण कायदा, दोन्हींची नावं अर्जात घाला. आणि 'नूतनीकरणाला' म्हणून मूळ पावती मागायला कुणी आलं, तर झेरॉक्स द्या.